हरिकेन तयार कसं होतं, कुठे होतं, आणि बहुतेक वेळा होत का नाही?

ईशान्यवारा

शाळेच्या पुस्तकातलं हरिकेनचं, म्हणजे समुद्रावरच्या मोठ्या चक्रीवादळाचं, वर्णन सगळ्यांना पाठ असतं. समुद्र तापतो, हवा वर जाते, खाली कमी दाब तयार होतो, भोवतालची हवा आत धावते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिला वळण मिळतं, झालं वादळ. यात चुकीचं काहीच नाही. पण एवढ्यावर भागत असतं तर उष्ण कटिबंधातला समुद्र बारा महिने तेरा काळ वादळांनी भरलेला दिसला असता. प्रत्यक्षात जगभर मिळून नाव देण्याइतकी वादळं वर्षाला साधारण ८० ते ९० होतात. म्हणून धागा जरा उलट्या टोकाने काढतोय.

अटलांटिकपासून सुरुवात करतो, कारण तिथे हा प्रकार सगळ्यात स्पष्ट दिसतो. उन्हाळ्यात सहारा भाजून निघालेला असतो आणि त्याच्या दक्षिणेला, गिनीच्या आखाताच्या बाजूला, हवा त्या मानाने थंड आणि दमट असते. या दोन हवांच्या मधल्या पट्ट्यात, जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाऱ्याचा एक झोत वाहतो. हा झोत सरळ राहत नाही, त्याला हेलकावे बसतात. असा एकेक हेलकावा म्हणजे हवेतली एक लाट. दर तीन-चार दिवसांनी अशी एक लाट आफ्रिकेचा किनारा ओलांडून केप व्हर्दे बेटांच्या बाजूने समुद्रावर येते. सोबत ढगांचा आणि गडगडाटी पावसाचा पुंजका असतो, आणि हवेत थोडी गिरकी आधीपासूनच असते.

मोसमात अशा साधारण ६० लाटा येतात. अटलांटिकची १९९१ ते २०२० ची सरासरी बघा: नाव मिळालेली वादळं १४, त्यातली हरिकेन ७, आणि त्यातली मोठी म्हणावीत अशी ३. या १४ मध्ये लाटेशिवाय, दुसऱ्याच कारणाने झालेलीही असतात. म्हणजे बहुतेक लाटा नुसत्या ढग आणि पाऊस घेऊन अमेरिकेपर्यंत जातात आणि विरतात. उलट बाजूने पाहिलं तर मात्र चित्र वेगळं आहे. अटलांटिकमधल्या मोठ्या हरिकेनांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास हरिकेनांचं मूळ या आफ्रिकी लाटांत सापडतं.

मग लाटेला अडतं कुठे? अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ विल्यम ग्रे यांनी १९६८ साली जगभरच्या वादळांच्या जन्मस्थानांचा अभ्यास करून हे पहिल्यांदा नीट मांडलं. समुद्राचं पाणी वरवर नव्हे, चांगलं खोलपर्यंत गरम हवं. मधल्या थरातली हवा दमट हवी. विषुववृत्तापासून थोडं अंतर हवं. आधीच काहीतरी गिरकी घेणारी गडबड हवी. आणि खालचा वारा व वरचा वारा यांच्यात फार तफावत नको. हे सगळं एकाच जागी, एकाच वेळी, काही दिवस टिकून. एक जरी निसटलं तरी संपलं.

शंका विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

हुकलेली_बस

वाचतेय. ६० मधल्या इतक्या लाटा फुकट जातात हे माहीत नव्हतं.

शंकेखोर

चांगला विषय. आता माझं काम करतो. 😀

१) २६.५ अंश सेल्सियस हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो. तो आला कुठून? २६.४ ला समुद्र 'आज नको' म्हणतो का?

२) गरम पाणी एवढं महत्त्वाचं असेल तर पर्शियन आखातात उन्हाळ्यात पाणी ३२-३३ अंशांवर जातं. तिथे तर वादळांची रांग लागायला हवी.

ईशान्यवारा

@शंकेखोर, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण धाग्याचा मुद्दाच तो आहे. पर्शियन आखातात पाणी भरपूर गरम असतं, पण त्यावरची हवा वाळवंटातली. कोरडी, आणि वरून खाली बसणारी. गडगडाटी ढग वर चढायला लागला की ही कोरडी हवा त्यात शिरते, ढगातलं पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन जातं, वाफ होताना हवा थंड होते, थंड हवा जड होऊन खाली कोसळते. वर चढणारा ढग आतूनच मोडतो. शिवाय आखात उथळ आणि चिंचोळं, वादळाला पसरायला जागा कुठली?

अटलांटिकमध्ये हेच काम सहाराची धूळ करते. खरं तर धुळीपेक्षा तिच्यासोबत येणारी हवा. उन्हाळ्यात सहारावरून धुळीने भरलेला कोरडा, उष्ण हवेचा थर निघतो आणि थेट कॅरिबियनपर्यंत जातो. उपग्रहाच्या चित्रात जून-जुलैमध्ये तो समुद्रावर पसरलेला दिसतो. या काळात लाटा निघतात, पाणीही बऱ्यापैकी गरम असतं, तरी फारसं काही घडत नाही. ऑगस्टच्या मध्यानंतर या थराचा जोर कमी होतो, पाणी वर्षातलं सर्वात गरम होतं, आणि १० सप्टेंबरच्या आसपास मोसम कळसाला पोचतो. कागदोपत्री मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर आहे, पण खरी धामधूम मधल्या दोन-अडीच महिन्यांचीच.

आता आकडा. फिनलंडचे एरिक पाल्मेन यांनी १९४८ साली दाखवलं की सुमारे २६ अंशांहून थंड पाण्यावर ही वादळं तयार होताना दिसत नाहीत. पुढे तो २६.५ वर स्थिरावला. पण ती लक्ष्मणरेषा नाही. महत्त्व आहे ते खालचं पाणी आणि वरची हवा यांच्यातल्या फरकाला. वरची हवा नेहमीपेक्षा बरीच थंड असेल तर कमी तापमानाच्या पाण्यावरही काम होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये व्हिन्स नावाचं हरिकेन पोर्तुगालच्या मदेइरा बेटांजवळ, २३-२४ अंशांच्या पाण्यावर तयार झालं. त्या भागात हरिकेन होईल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

जास्वंद_७

सर, 'खालचा वारा आणि वरचा वारा यांच्यात तफावत नको' हे जरा सोपं करून सांगाल का? मला वाटायचं वारा जितका जास्त तितकं वादळ मोठं.

ईशान्यवारा

सर वगैरे नको हो. 🙏

वाढत असलेलं वादळ म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागापासून पंधरा किलोमीटरपर्यंत उभी गेलेली मडक्यांची उतरंड समजा. प्रत्येक मडकं बरोबर खालच्यावर बसलेलं असेल तर उतरंड उभी राहते. वरच्या थरातला वारा एका दिशेने आणि खालचा दुसऱ्या दिशेने किंवा फारच वेगळ्या वेगाने वाहत असेल, तर वरची मडकी बाजूला सरकतात. ढगांचे शेंडे एकीकडे आणि कमी दाबाचं केंद्र दुसरीकडे. उपग्रहाच्या चित्रात अशी वादळं ओळखता येतात: केंद्र उघडं पडलेलं आणि सगळे ढग एका बाजूला ढकललेले. वर सोडलेली उष्णता केंद्राच्या डोक्यावर साठायला हवी, ती वाहून जाते आणि खालचा दाब उतरत नाही. तफावत सेकंदाला १० मीटरच्या आत असेल तर साधारण चालतं, त्यापुढे अवघड होत जातं.

एल निन्योच्या वर्षी अटलांटिक शांत असतो तो मुख्यतः याच कारणाने. पॅसिफिकमधलं पाणी तापल्यामुळे कॅरिबियनवरच्या वरच्या थरातले पश्चिमी वारे जोर धरतात आणि उतरंड मोडते. त्याच वर्षी पूर्व पॅसिफिकमध्ये मात्र वादळांना सुगी. ला निन्यामध्ये उलटं. २०२० मध्ये अटलांटिकने ३० नावाची वादळं दिली, तो आजवरचा विक्रम आहे. नावांची यादी संपून ग्रीक अक्षरांवर यायची वेळ आली होती.

तिरकस

थोडक्यात, गरम पाणी लागतं पण गरम पाण्याने होत नाही. मग वाढतं कशाने? वाऱ्याला एवढी ताकद येते कुठून, हे अजून कोणी सांगितलंच नाही.

ईशान्यवारा

@तिरकस, हो, तिथेच येत होतो.

इंधन म्हणजे पाण्याची वाफ. समुद्रातून पाणी वाफ होतं तेव्हा ते उष्णता सोबत घेऊन जातं. ही वाफ वर चढून थंड झाली की तिचे थेंब होतात आणि ती उष्णता हवेत मोकळी होते. हवा आणखी गरम, आणखी हलकी, आणखी वर. केंद्राच्या वरचा सगळा स्तंभ भोवतालच्या हवेपेक्षा उबदार होतो. उबदार हवा हलकी, म्हणून खाली समुद्रावर दाब उतरतो. दाब उतरला की वारा वाढतो. आणि इथे गंमत आहे: वारा वाढला की समुद्रातून वाफ जास्त निघते. लाटा फुटतात, तुषार उडतात, पृष्ठभागालगतची ओली हवा सतत बदलली जाते. जास्त वाफ, जास्त उष्णता, जास्त वारा. स्वतःच स्वतःला भर घालणारं हे चक्र आहे. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी १९८६ साली हरिकेनचा हिशेब उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनासारखा मांडला. खाली २७-२८ अंशांचा समुद्र, वर उणे ७० अंशांच्या आसपासची हवा. या दोहोंमधल्या फरकावरून त्या जागी वादळ जास्तीत जास्त किती जोराचं होऊ शकेल, याची कमाल मर्यादा काढता येते.

मात्र ही मर्यादा गाठणारी वादळं थोडी. हे चक्र आपोआप सुरूही होत नाही. त्याला आधी कोणीतरी ढकलावं लागतं, आणि ते काम वर सांगितलेली लाट करते. निरभ्र, शांत, गरम समुद्र कितीही दिवस तसाच पडून राहिला तरी त्यातून हरिकेन उगवत नाही.

डोळ्याबद्दलही इथेच लिहितो. वादळ जोरात आलं की आत येणारी हवा केंद्रापर्यंत पोचतच नाही. ती इतक्या वेगाने फिरत असते की काही अंतरावरूनच वर उसळते. ती जागा म्हणजे डोळ्याची भिंत, सर्वात भयंकर वारा आणि पाऊस तिथला. वर गेलेल्या हवेतली थोडी मधोमध खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते, ढग विरतात आणि मध्ये मोकळं आकाश दिसतं. डोळा बहुधा ३० ते ६५ किलोमीटर रुंदीचा असतो. २००५ च्या विल्माचा डोळा चार किलोमीटरहूनही लहान झाला होता आणि दाब ८८२ मिलिबारपर्यंत उतरला होता. अटलांटिकमध्ये नोंदलेला तो सर्वात कमी दाब.

बखर

इतिहासातली थोडी भर. हे वारे गोल फिरतात हे पूर्वी स्पष्ट नव्हतं. सप्टेंबर १८२१ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागातून एक मोठं वादळ गेलं. त्यानंतर विल्यम रेडफील्ड नावाचे गृहस्थ कनेक्टिकटमधून प्रवास करत होते. त्यांना दिसलं की एका ठिकाणी झाडं वायव्येकडे पडली आहेत आणि बरंच पुढे गेल्यावर बरोबर उलट, आग्नेयेकडे. एकाच वादळाने दोन दिशांना झाडं पाडली, म्हणजे वादळ स्वतः फिरत असलं पाहिजे. १८३१ मध्ये त्यांनी हे छापून मांडलं.

त्यावर जेम्स एस्पी या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाशी त्यांचं चांगलंच वाजलं. एस्पींचं म्हणणं, वारा गोल नाही, सरळ केंद्राकडे धावतो, आणि ढगात मोकळी होणारी उष्णता त्याला खेचते. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. मजा अशी की दोघांच्याही हातात अर्धं अर्धं सत्य होतं. वारा फिरतो हे रेडफील्डचं बरोबर, वाफेच्या उष्णतेवर चालतो हे एस्पींचं बरोबर. दोघे एकत्र बसले असते तर विषय बराच आधी मार्गी लागला असता, असं आपलं माझं मत.

जुना_खलाशी

@बखर, मस्त माहिती. रेडफील्डची माहिती आमच्या लोकांनी लगेच उचलली, कारण जहाजावर तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.

उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं. वादळाचं केंद्र उजव्या हाताला, जरा मागच्या बाजूला असतं. याला बाइज बॅलटचा नियम म्हणतात. दक्षिण गोलार्धात डावा हात. रडार नाही, उपग्रह नाही, तरी केंद्र कुठे आहे याचा अंदाज येतो.

दुसरी गोष्ट अर्धवर्तुळांची. उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड केलं, तर उजवीकडचा भाग धोकादायक अर्धवर्तुळ. तिथे वादळाचा फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकमेकांत मिळतात. शिवाय तिथला वारा जहाजाला वादळाच्या पुढ्यातच ढकलत नेतो. डावीकडे त्या मानाने सुसह्य. सुसह्य म्हणजे चहा पीत जाण्यासारखं नव्हे, एवढंच.

हे सगळं माहीत असूनही चुकामूक होते. डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपाइन्सच्या पूर्वेला अमेरिकन ॲडमिरल हॅल्सी यांचा ताफा टायफूनमध्ये (हरिकेनचंच तिकडचं नाव) सापडला. तीन विनाशिका बुडाल्या, ७९० खलाशी गेले. केंद्र कुठे आहे याचा अंदाज चुकला होता.

कुतूहल९

उजवं-डावं वाचून आठवलं. सिंकमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका बाजूने फिरतं आणि दक्षिणेत दुसऱ्या, तेच ना हे?

शंकेखोर

@कुतूहल९, नाही. सिंकमधलं पाणी नळ कसा सोडला आणि भांड्याचा आकार कसा आहे यावर फिरतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एवढ्या लहान जागेत आणि एवढ्या थोड्या वेळात जाणवत नाही. शेकडो किलोमीटर अंतर आणि काही दिवस मिळाले की मग तो जाणवतो. निदान इथे तरी मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

ईशान्यवारा

@शंकेखोर, हे जपून ठेवतो. 😀

म्हणूनच विषुववृत्ताला अगदी खेटून वादळं होत नाहीत. तिथे पाणी गरम, हवा दमट, सगळं आहे, पण हवेला वळवणारा परिणाम शून्याजवळ. हवा सरळ आत येते आणि खड्डा भरून टाकते. साधारण पाच अंश, म्हणजे पाचेकशे किलोमीटर दूर गेलं की मग गिरकी धरते. आजवर एकाही वादळाने विषुववृत्त ओलांडल्याची नोंद नाही.

अपवाद आहेच. डिसेंबर २००१ मध्ये वामेई नावाचं टायफून सिंगापूरच्या जवळ, विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर तयार झालं. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा जोराचा लोंढा दक्षिण चीन समुद्रातल्या चिंचोळ्या जागेतून आला आणि बोर्निओच्या बाजूला आधीच असलेल्या भोवऱ्याला त्याने गिरकी पुरवली. पृथ्वीकडून न मिळालेली गिरकी वाऱ्याकडून मिळाली.

हुकलेली_बस

मग जगाच्या नकाशावर नेमकं कुठे कुठे होतं हे सगळं? अटलांटिकचंच जास्त ऐकायला मिळतं.

ईशान्यवारा

ऐकायला अटलांटिकचं मिळतं, पण आकड्यांत तो पहिला नाही. पहिला नंबर वायव्य पॅसिफिकचा. फिलिपाइन्स, तैवान, जपान, चीनकडे जाणारी वादळं इथली. जगातल्या एकूण वादळांपैकी जवळपास एक तृतीयांश. पृथ्वीवरचा सर्वात मोठा गरम पाण्याचा साठा इथे आहे, पाणी खोलपर्यंत गरम आहे आणि मोसमी द्रोणी, म्हणजे मोसमी वाऱ्यांच्या भागातला कमी दाबाचा लांबट पट्टा, सतत गिरक्या पुरवत असते. बारा महिन्यांतल्या कुठल्याही महिन्यात इथे टायफून होऊ शकतं. १९७९ चं टिप इथलंच. दाब ८७० मिलिबार, जगातला नोंदलेला सर्वात कमी, आणि वाऱ्यांचा घेर सुमारे २,२०० किलोमीटर. याच्या दुसऱ्या टोकाला १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरावर आदळलेलं ट्रेसी. त्याचे जोरदार वारे केंद्रापासून जेमतेम ५० किलोमीटरपर्यंत होते, पण शहर जवळजवळ भुईसपाट झालं. आकारावरून जोर ठरत नाही.

पूर्व पॅसिफिक, म्हणजे मेक्सिकोचा पश्चिम किनारा. मोसम १५ मेपासून. क्षेत्र लहान पण भलतंच सुपीक. अटलांटिकमध्ये काही न घडवलेल्या आफ्रिकी लाटा मध्य अमेरिका ओलांडून इथे येतात आणि इथे हरिकेन होतात. सेनेगलहून निघालेली गडबड थेट पॅसिफिकमध्ये फळाला येते! २०१५ चं पॅट्रिशिया इथलं. वाऱ्याचा वेग ताशी ३४५ किलोमीटर.

नावांचं एका वाक्यात सांगतो, कारण त्यावर धागे भरकटतात: वारा ताशी ११९ किलोमीटरच्या वर गेला की अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमध्ये हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून, बाकी ठिकाणी चक्रीवादळ. वस्तू एकच.

दक्षिण गोलार्धात मादागास्करपासून ऑस्ट्रेलियाच्या पुढे दक्षिण पॅसिफिकपर्यंत पट्टा आहे, मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. २०२३ चं फ्रेडी ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला जन्मलं, अख्खा हिंदी महासागर ओलांडून मादागास्कर आणि मोझांबिकवर आलं, दोन्हीकडे पुन्हा पुन्हा. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने ते ३६ दिवस टिकलं. आजवरचा विक्रम.

पेरू-चिलीच्या किनाऱ्याला मात्र काही नाही. तिथे हंबोल्ट प्रवाहाचं थंड पाणी.

भूगोलवेडा

उत्तर हिंदी महासागर राहिला की! बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र. आणि तिथलं कोडं तर सर्वात छान आहे. जगात इतरत्र भर उन्हाळ्यात आणि उन्हाळ्याच्या शेवटी वादळं होतात. इथे मात्र वर्षाला दोन मोसम: एक मान्सूनच्या आधी, एप्रिल-मे, आणि दुसरा मान्सून संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये मोठं चक्रीवादळ जवळजवळ नाही. पाणी गरम आहे, हवेत ओल तर विचारूच नका. मग अडतं कुठे?

उत्तर वर येऊन गेलंय: वाऱ्यांची तफावत. मान्सूनमध्ये खाली नैर्ऋत्येचा जोरदार झोत आणि वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर, बरोबर उलट दिशेचा पूर्वेचा झोत. कमी दाबाची क्षेत्रं तेव्हाही बंगालच्या उपसागरात एकामागून एक होतात, पाऊस घेऊन जमिनीवर येतात, पण त्यांचं चक्रीवादळ होत नाही. 'एरवी होत का नाही' याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आणि संख्या थोडी असली तरी सर्वाधिक माणसं याच कोपऱ्यात गेली आहेत. १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख. उथळ समुद्र, निमुळता होत जाणारा उपसागर आणि सखल त्रिभुज प्रदेश. वाऱ्याने ढकललेलं पाणी दुसरीकडे जाणार कुठे?

ईशान्यवारा

@भूगोलवेडा, उत्तम. हे मूळ लेखातच असायला हवं होतं असं झालंय.

तिरकस

एवढं सगळं कळतंय तर वादळ होण्याआधीच मोडून का टाकत नाहीत? बॉम्ब टाका, बर्फ टाका, काहीतरी करा. दर वर्षी कोणीतरी हे सुचवतंच, म्हणून मीच विचारून टाकतो.

शंकेखोर

@तिरकस, प्रयत्न झाला आहे. अमेरिकेने १९६२ ते १९८३ 'प्रोजेक्ट स्टॉर्मफ्युरी' चालवला. विमानातून वादळाच्या ढगांत सिल्व्हर आयोडाइड टाकायचं. डोळ्याच्या भिंतीबाहेर नवी भिंत तयार होईल, जुनी ढासळेल आणि वाऱ्याचा जोर उतरेल, अशी कल्पना. काही वादळांत जोर उतरलेला दिसलाही. पण पुढे कळलं की ज्यांना कोणी हात लावला नाही अशी वादळंही आपली आपण भिंत बदलतात. शिवाय सिल्व्हर आयोडाइडला लागणारं अतिशीत पाणी (शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब) हरिकेनच्या ढगांत फारसं नसतंच. प्रकल्प बंद.

बॉम्बचं म्हणाल तर ताकदीचा अंदाज घ्या. साध्या सरासरी हरिकेनच्या पावसातून मोकळी होणारी उष्णता ही साऱ्या जगाच्या वीजनिर्मिती क्षमतेच्या सुमारे २०० पट भरते. यातला अगदी लहान भाग, चारशेवा म्हणा, वाऱ्याच्या रूपात दिसतो. बॉम्बने हे थांबणार नाही, वर किरणोत्सर्ग मात्र वाऱ्यावर स्वार होऊन फिरेल.

जुना_खलाशी

मोडण्याचं काम समुद्रच करतो बऱ्याचदा. वादळ एका जागी रेंगाळलं की खालचं थंड पाणी घुसळून वर येतं आणि त्याचं इंधन तुटतं. वादळ गेल्यावर मागे काही अंश थंड पाण्याचा पट्टा राहतो, मागून येणाऱ्या दुसऱ्या वादळाला तो नडतो.

ईशान्यवारा

अगदी. म्हणूनच सुरुवातीला 'खोलपर्यंत गरम' म्हटलं, किमान ५० मीटर. मेक्सिकोच्या आखातात कॅरिबियनहून येणारा लूप प्रवाह आहे, त्यात गरम पाण्याचा थर फार खोल असतो. कितीही घुसळलं तरी वर गरमच येतं. २००५ मध्ये कॅटरिना आणि रिटा दोन्ही या पाण्यावरून जाताना भडकली.

सध्या सगळ्यात डोकेदुखी आहे ती अशा अचानक भडकण्याची. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा जास्त वाढला तर त्याला वेगवान तीव्रता म्हणतात. वादळ कुठे जाणार हे आता तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येतं, कारण मार्ग भोवतालच्या मोठ्या वाऱ्यांवर ठरतो. ते किती जोराचं होईल हे मात्र डोळ्याच्या भिंतीत, काही किलोमीटरच्या जागेत घडणाऱ्या गोष्टींवर ठरतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस एका दिवसात साध्या वादळापासून पाचव्या, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीपर्यंत गेलं आणि अकापुल्कोवर आदळलं. आदल्या दिवशीच्या कुठल्याही मॉडेलमध्ये एवढं नव्हतं. लोकांना आवराआवर करायलाही वेळ मिळाला नाही.

जास्वंद_७

हवामान बदलामुळे हरिकेनांची संख्या वाढतेय का?

बखर

संख्येबद्दल जुने आकडे जपून वापरा. पहिला हवामान उपग्रह टायरॉस-१ एप्रिल १९६० मध्ये गेला. त्याआधी भर समुद्रात जन्मून तिथेच विरलेलं वादळ एखाद्या जहाजाला भेटलं तरच नोंदीत यायचं. आणि शहाणी जहाजं तर वादळापासून लांबच पळायची! १८९० मध्ये कमी आणि आज जास्त, ही तुलना त्यामुळे तितकीशी सरळ नाही.

ईशान्यवारा

@बखर यांच्याशी सहमत. त्यातही समुद्र एक-दोन अंशांनी तापला म्हणून संख्या वाढेलच असं नाही, कारण वर सांगितलेल्या बाकीच्या अटी तापमानासोबत आपोआप सैल होत नाहीत. बहुतेक संशोधन असं सांगतं की जगभरची एकूण संख्या तेवढीच राहील किंवा थोडी घटेल, पण जी होतील त्यांत चौथ्या-पाचव्या श्रेणीची जास्त असतील. जन्म अवघडच राहील, जन्मलेल्याला खाणं मात्र भरपूर. पावसाचं तर स्पष्ट आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. २०१७ चं हार्वी टेक्सासवर येऊन अडकलं तेव्हा एका ठिकाणी १,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. वारा केव्हाच उतरला होता, नुकसान पाण्याने केलं.

शंकेखोर

शेवटची शंका, मग मी गप्प. नकाशावर दक्षिण अटलांटिक कोरा का? ब्राझीलच्या किनाऱ्याला पाणी गरम, विषुववृत्तापासून अंतर पुरेसं, आफ्रिका तिथेही शेजारी.

ईशान्यवारा

दोन गोष्टी आड येतात तिथे. एक, वरच्या आणि खालच्या वाऱ्यात तफावत जवळजवळ कायमची. दुसरी, दोन्ही गोलार्धांचे वारे जिथे एकत्र येतात तो ढगांचा पट्टा अटलांटिकमध्ये सहसा विषुववृत्ताच्या दक्षिणेला उतरत नाही. त्यामुळे सुरुवातीला लागणारी गिरकी पुरवणारं कोणी नाही.

पण मार्च २००४ मध्ये ब्राझीलच्या समुद्रात एक साधं कमी दाबाचं क्षेत्र जवळपास एका जागी अडकून पडलं. नेमकी तेव्हा वरच्या वाऱ्यांची तफावत काही दिवस नेहमीपेक्षा खूपच कमी झाली. पाणीही काही फार गरम नव्हतं. त्याला डोळा आला आणि २८ मार्चला ते सांता कॅटरिना राज्यावर आदळलं. याला हरिकेन म्हणायचं की नाही यावरच तेव्हा तज्ज्ञांत दुमत होतं. नावांची यादीसुद्धा तयार नव्हती, कारण तिथे ती कधी लागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. मग राज्याच्या नावावरून त्याला कॅटरिना म्हणू लागले (अमेरिकेतलं कॅटरिना वेगळं, ते पुढच्या वर्षीचं, मूळ स्पेलिंगही निराळं). २०११ पासून ब्राझीलच्या नौदलाकडे नावांची यादी आहे.

शंकेखोर

पटलं. गप्प बसतो.

तिरकस

@शंकेखोर, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.